रात्रीचा गारठा, दिवसाचं ऊन : घर उबदार ठेवण्याविषयी वाचकांचे प्रश्न

दिवाळी सरली की कोल्हापुरात पहाटेचा गारठा जाणवायला लागतो आणि हीटर, गिझर, बंब यांविषयीची पत्रं येऊ लागतात. उत्तरांआधी एकच गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. डिसेंबर-जानेवारीत इथं रात्री पारा साधारण १२ ते १६ अंशांवर उतरतो, पण दुपारी तोच २८-३० वर चढतो. आपली थंडी रात्रीची आहे, दिवसभराची नाही. दुपारची ऊब घरात घेऊन ती पहाटेपर्यंत टिकवली आणि अंथरूण नीट केलं, तर बहुतेक घरांत खोली तापवायची गरजच उरत नाही. खर्च उरतो तो आंघोळीच्या पाण्याचा. त्याविषयी खाली सविस्तर लिहिलं आहे.

प्रश्न : राजारामपुरीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. झोपायची खोली उत्तरेची, १० बाय १२ फुटांची. मुलं ४ आणि ७ वर्षांची आहेत. गेल्या हिवाळ्यात २००० वॅटचा ब्लोअर घेतला आणि वीजबिल दुपटीच्या वर गेलं. ऑइल हीटर घेतला तर वीज कमी लागेल का?

उत्तर : नाही लागणार. ब्लोअर असो, हॅलोजन असो वा तेलाचा हीटर, एका युनिटात सगळे सारखीच उष्णता देतात. फरक असतो तो उष्णता पोचवण्याच्या पद्धतीत. ब्लोअर हवा झटपट तापवतो, पण बंद केला की खोली लगेच गार होते. हॅलोजन समोर बसलेल्यालाच शेकतो. तेलाचा हीटर हळू तापतो आणि बंद केल्यावरही काही वेळ ऊब देत राहतो, शिवाय त्याचा आवाज नसतो. ‘ऑइल हीटर हवा कोरडी करत नाही’ असं दुकानात सांगतात, त्यातही तथ्य नाही. हवा कशानंही तापवली तरी ती तेवढीच कोरडी वाटते.

बिल का फुगलं तेही पाहू. २००० वॅटचा हीटर सलग ८ तास चालला तर १६ युनिटं होतात. थर्मोस्टॅटमुळे, म्हणजे ठरवलेलं तापमान आलं की हीटर आपोआप बंद करणाऱ्या बटणामुळे, तो अर्धाच वेळ चालला असं धरलं तरी ८ युनिटं, म्हणजे महिन्याला २४०. महावितरणच्या घरगुती बिलात १००, ३०० आणि ५०० युनिटांवर टप्पे बदलतात आणि वरच्या टप्प्यातल्या युनिटांना चढा दर असतो. घरचा नेहमीचा वापर १८० असेल तर हीटरमुळे तो ४२० वर जातो आणि शेवटच्या १२० युनिटांना तिसऱ्या टप्प्याचा दर लागतो. हीटरची युनिटं नेहमी वरच्या टोकालाच मोजली जातात, म्हणून ती महागात पडतात.

नवं काही घेण्याआधी एक साधा डिजिटल तापमापक आणा, आर्द्रता दाखवणारा मिळाला तर उत्तम. तो पलंगाच्या उंचीला ठेवा आणि पहाटे पाचला आकडा पाहा. खालीवर मजले असलेल्या फ्लॅटमध्ये तो २० च्या आसपास निघाला तर नवल वाटायला नको. तेवढं तापमान मुलांना पुरेसं असतं. तरीही थंडी वाजत असेल तर कारण बहुधा फटीतून येणारा वारा, गार फरशी किंवा पातळ अंथरूण यांपैकी एक असतं, आणि यांतलं काहीच हीटरनं सुटत नाही.

वारा कुठून येतो हे उदबत्तीनं शोधा. रात्री नऊनंतर पंखा बंद करून पेटती उदबत्ती खिडकीच्या चौकटीभोवती, दाराखाली आणि न्हाणीघराच्या झडपेजवळ फिरवा. धूर जिथं आडवा होतो तिथं फट आहे. दाराखाली अर्ध्या इंचाची फट आणि दार तीन फूट रुंद असेल, तर ते १८ चौरस इंचांचं, म्हणजे सव्वाचार इंच लांब-रुंद भोक झालं. दाराला खालून रबराची किंवा ब्रशची पट्टी स्क्रूनं लावा. ती फरशीला जेमतेम टेकली पाहिजे. घासली तर महिन्याभरात उखडते. ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांत केसाळ पट्टी असते, ती ५-७ वर्षांत झिजून बसते. हार्डवेअरच्या दुकानात ती मीटरवर मिळते. जुनी ओढून काढा, खाच कोरड्या ब्रशनं साफ करा आणि त्याच जाडीची नवी सरकवा. त्यासाठी जुन्या पट्टीचा तुकडा सोबत न्या, अंदाजानं आणलेली जाड निघाली तर खिडकी सरकत नाही. खालच्या रुळातली पाणी जायची भोकं मात्र बुजवू नका, नाहीतर पावसाळ्यात पाणी घरात येईल.

मग काच. आत २१ अंश आणि बाहेर १३ असताना ४ बाय ४ फुटांच्या एकेरी काचेतून सुमारे ७० वॅट उष्णता सतत बाहेर जाते. झोपलेला मोठा माणूस साधारण तेवढीच उष्णता खोलीला देत असतो. उत्तरेच्या खिडकीला ऊन मिळत नाही, त्यामुळे तिथं फक्त तोटाच असतो. जाड पडद्याला आतून जुन्या चादरीचं अस्तर लावा, दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच जास्त रुंदी ठेवा आणि पडदा खिडकीच्या कट्ट्यावर टेकू द्या. खाली फट राहिली तर काचेजवळची गार हवा तिथूनच फरशीवर उतरते. एखादी काच हिवाळाभर उघडायचीच नसेल तर तिच्यावर पाणी शिंपडून बबल-रॅप लावा, फुगे काचेकडे. महिना-दोन महिने ते सहज टिकतं.

एवढं करूनही हीटर लावायचाच असेल तर थर्मोस्टॅट २०-२१ वर ठेवा, झोपण्याआधी तासभर चालवा आणि मग बंद करा. पडदे आणि अंथरूण यांपासून तो तीन फूट लांब हवा, त्यावर कपडे वाळत घालू नका. २००० वॅटला जवळजवळ ९ अँपिअर लागतात, म्हणून तो १६ अँपिअरच्या सॉकेटलाच जोडा. साध्या एक्स्टेंशनची वायर बारीक असते, ती चटईखालून नेली की तापून आग लागू शकते. प्लग हाताला गरम लागला तर आतला संपर्क ढिला आहे. सॉकेट बदलेपर्यंत हीटर लावू नका.

उन्हाळ्यासाठी एसी घ्यायचाच असेल तर ‘हॉट अँड कोल्ड’ इन्व्हर्टर घ्या. तो बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढतो, त्यामुळे इथल्या थंडीत एका युनिटात तीन किंवा जास्त युनिटांइतकी उष्णता देतो. साधा एसी फक्त गार करतो. निव्वळ हिवाळ्याच्या दोन महिन्यांसाठी एसी घेणं मात्र परवडत नाही.

प्रश्न : कसबा बावड्यात पत्र्याचं घर आहे. रात्री फार गारठतं आणि पहाटे पत्र्यातून अंथरुणावर थेंब पडतात. पाऊस नसताना पाणी येतं कुठून?

उत्तर : ते तुमच्याच खोलीतलं पाणी आहे. निरभ्र रात्री पत्रा आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहतो आणि भोवतालच्या हवेपेक्षाही काही अंश गार होतो. श्वासातली, चुलीवरच्या भाताची, ओल्या कपड्यांची वाफ त्याला आतून लागते आणि तिचं दव होतं. थेंब फक्त पहाटे चार ते आठ या वेळात आणि पत्राभर पसरून पडत असतील तर ते दवच. एकाच जागी पडत असतील तर तिथल्या खिळ्याची किंवा जे-बोल्टची वॉशर गेलेली आहे.

पहिलं काम फुकट आहे. स्वयंपाक करताना खिडकी किंवा झरोका उघडा ठेवा आणि कपडे आत वाळत घालू नका. थेंब लगेच कमी होतात.

खरा उपाय मात्र पत्र्याखाली दुसरं छत घालण्याचा आहे आणि आमच्या मते पत्र्याच्या घरात पहिला पैसा तिथंच घालावा, कारण तेच छत एप्रिल-मेमध्येही उपयोगी पडतं. पत्र्यापासून निदान चार ते सहा इंच खाली लाकडी पट्ट्यांचा किंवा पत्र्याच्या चॅनेलचा सांगाडा करा. त्याला खालून जिप्सम बोर्ड, पीव्हीसी पट्ट्या किंवा बांबूची चटई लावा आणि वरून बबल-फॉइल (चकचकीत ॲल्युमिनियमचा थर असलेलं बबल-रॅप) अंथरा. हे फॉइल साधारण चार फूट रुंदीच्या गुंडाळीत मिळतं. १० बाय १२ फुटांच्या खोलीला १२ फुटी तीन पट्टे लागतात. जोडावर दोन-दोन इंच एकमेकांवर घ्या आणि ॲल्युमिनियमच्या टेपनं चिकटवा. तीन पट्ट्यांची रुंदी जोड धरून ११ फूट ८ इंच भरते, म्हणजे दोन्ही भिंतींवर दहा-दहा इंच वर वळवायला उरतात. हे वळवणं चुकवू नका. कडा उघड्या राहिल्या तर वाफ तिथून वर जाते, पत्र्याला लागून परत थेंब होतात आणि ते नव्या छतावर साठतात. महिन्याभरात छताला डाग पडलेले दिसले की बहुधा हेच झालेलं असतं.

फॉइल पत्र्याला चिकटवून मोकळे होणारे कारागीर खूप आहेत. त्यानं निम्म्याहून अधिक फायदा जातो. चकचकीत पृष्ठभाग काम करतो तो समोर मोकळी हवा असेल तरच. पत्रा आणि फॉइल यांच्यामधल्या पोकळीला घराच्या दोन टोकांना जाळी ठेवा, म्हणजे तिथली ओल बाहेर जाते. जाळी बारीक हवी, नाहीतर उंदीर-चिमण्या घर करतात.

स्वस्त म्हणून थर्माकोल लावायचा मोह होतो. तो भराभर पेटतो, काळा विषारी धूर सोडतो आणि वितळून खाली ठिबकतो. शेगडीच्या वर तर तो मुळीच नको. उसाचं पाचट माळ्यावर भरण्याचीही चाल आहे. त्यात उंदीर होतात आणि वायरीतली एक ठिणगी पुरते. छतावरून वायर न्यायची असेल तर ती पाइपातूनच न्या.

प्रश्न : मंगळवार पेठेत आजोबांच्या वेळचं दगडी, कौलारू घर आहे. बाहेर ऊन असतं तेव्हा आत गार, हे कशामुळे?

उत्तर : दीड-दोन फूट जाडीची दगडी भिंत तापायला आणि निवायला प्रत्येकी दहा-बारा तास घेते. दुपारी दोन वाजता तुम्हाला भिंतीतून पहाटेचा गारठा जाणवतो. ही भिंत वाईट नाही, तिला ऊब भरू द्यावी लागते. सकाळी अकरापासून चारपर्यंत दक्षिण आणि पश्चिमेची दारं-खिडक्या पूर्ण उघडा, पडदे बाजूला सारा. चार-साडेचारला सगळं बंद करा, गारठा पडायची वाट पाहू नका. बहुतेक घरांत नेमकं उलट होतं : सकाळी सातला झाडलोटीसाठी दारं सताड उघडी आणि दुपारी वामकुक्षीसाठी बंद.

डिसेंबरात इथं भर दुपारी सूर्य दक्षिणेला क्षितिजापासून सुमारे ५० अंशच वर असतो, म्हणून दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आत येतं. खिडकीच्या वरच्या कडेला दीड फूट छज्जा असेल तर भर दुपारी त्याची सावली वरचे पावणेदोन फूट अडवते. चार फूट उंच खिडकीचा खालचा सव्वादोन फुटांचा भाग उन्हात राहतो. तिथं सोफ्याची पाठ, कपाट किंवा कपड्यांची दोरी असेल तर ती हलवा. मे महिन्यात सूर्य डोक्यावर असल्यामुळे हीच खिडकी त्रास देत नाही. वाड्याची दुरुस्ती काढणार असाल तर नवी खिडकी दक्षिणेलाच घ्या.

कौलांखाली तक्तपोशी, म्हणजे लाकडी फळ्यांचं छत, असेल तर फळ्यांच्या भेगा भरून घ्या आणि माळ्यावर जायचं दार बसवा. तक्तपोशी नसेल तर झोपायच्या खोलीपुरतं तरी वरच्या उत्तरात सांगितलेलं छत करा. फुटकी आणि सरकलेली कौलं पावसाळ्याआधी बसवायची आपली रीत आहे, ती दिवाळीनंतरही एकदा पाळावी. वारा पावसापेक्षा बारीक फटीतून येतो.

प्रश्न : गगनबावड्याकडे थंडी जास्त. रात्री घमेल्यात कोळशाचे निखारे ठेवून दार बंद करून झोपतो. धूर नसतो, मग चालेल ना?

उत्तर : चालणार नाही. आजच बंद करा. धूर नसलेल्या निखाऱ्यातूनच कार्बन मोनॉक्साइड हा वायू सर्वात जास्त धोक्याचा होतो, कारण त्याला वास नाही, रंग नाही आणि ठसकाही लागत नाही. तो रक्तात प्राणवायूची जागा घेतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते. झोपलेल्या माणसाला यातलं काही कळत नाही आणि तो उठत नाही. गोवऱ्या, लाकूड, शेगडी, पेटती गॅसची शेगडी, सगळ्यांना हेच लागू आहे. खिडकी ‘थोडी’ उघडी ठेवली म्हणून खात्री धरता येत नाही.

शेकायचं असेल तर पडवीत किंवा अंगणात शेका आणि झोपायच्या आधी निखारे पाण्यानं विझवा. राखेखाली झाकलेले निखारेही वायू सोडत राहतात, म्हणून घमेलं आत आणू नका. अंथरूण तापवायला गरम पाण्याची रबरी पिशवी वापरा. पाणी उकळतं नको, पिशवी दोन-तृतीयांश भरा, दाबून हवा काढा आणि मग झाकण लावा. ते लावल्यावर उलटी करून गळते का पाहा. रबर चिकट झालं किंवा भेगा दिसल्या की पिशवी टाकून द्या.

शेकून आल्यावर कुणाचं डोकं गरगरायला लागलं तर त्याला लगेच मोकळ्या हवेत आणा, आतले निखारे बाहेर काढा आणि १०८ वर फोन करा. झोप काढली की बरं वाटेल असं म्हणून त्याला एकटं सोडू नका.

प्रश्न : चौघांचं कुटुंब, फुलेवाडीत स्वतंत्र घर. आंघोळीच्या पाण्यासाठी तांब्याचा बंब आहे, गिझर आहे, आता सोलर घ्यावा असं चाललंय. स्वस्त काय पडेल?

उत्तर : आधी हिशेब समजून घ्या, तो जमला की कुणी फसवू शकणार नाही. २० लिटरची बादली २० अंशांवरून ४० वर न्यायला सुमारे ०.४६ युनिट उष्णता लागते. गिझरची टाकी थोडी उष्णता गमावते, म्हणून बादलीमागे अर्धं युनिट धरा. गॅसच्या शेगडीवर तीच बादली तापवायला साधारण ६० ग्रॅम गॅस जातो, म्हणजे १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये सुमारे २३० बादल्या. आता तुमच्या बिलावरचा सर्वात वरच्या टप्प्याचा युनिट दर अर्धा करा आणि सिलिंडरच्या किमतीला २३० नं भागा. जो आकडा लहान, ते स्वस्त. पातेल्यावर झाकण नसेल तर गॅस बराच जास्त जातो. लहान मुलं असलेल्या घरात उकळतं पातेलं उचलून नेणं हा वेगळा धोका आहे. स्वस्त म्हणून तो पत्करू नये.

गिझर असेलच तर त्याचं तापमान पाहा. १५ लिटरची २००० वॅटची टाकी ६० अंशांपर्यंत जायला साधारण २१ मिनिटं घेते आणि त्या पाण्यात गार पाणी मिसळून ४० अंशांचं ३० लिटर, म्हणजे दीड बादली होतं. दोन आंघोळी एकापाठोपाठ उरका आणि दुसरी सुरू होतानाच बटण बंद करा. दिवसभर चालू ठेवलेला गिझर पाणी निवतं तसं पुन्हापुन्हा तापवत राहतो. बोअरच्या जड पाण्यानं कॉइलवर क्षाराचा थर बसतो. पाणी तापायला वेळ लागू लागला आणि टाकीतून कडकड आवाज आला की तो थर झाला असं समजा. दर एक-दोन वर्षांनी कॉइल साफ करून टाकी गंजू नये म्हणून आत असलेली मॅग्नेशियमची कांडी बदलून घ्या. सेफ्टी व्हॉल्व्हमधून तापताना दोन-चार थेंब येणं बरोबर आहे. तो टेप लावून बंद करू नका, टाकी फुटू शकते. गॅस गिझर न्हाणीघराच्या आत बसवलेला असेल तर तो बाहेर काढून बसवा. कार्बन मोनॉक्साइडचा धोका वर सांगितला तोच.

बंब मोडीत काढू नका. कोरडं सरपण घरचं असेल तर त्याला तोड नाही. बादलीमागे अर्धा किलो कोरडं लाकूड पुरतं, पहिल्या बादलीला थोडं जास्त, कारण बंबही तापायचा असतो. नारळाच्या करवंट्या उत्तम जळतात. पाचट आणि शेंगांची टरफलं पेटवायला चांगली, पण तग धरत नाहीत. ओलं लाकूड आपलीच उष्णता स्वतःचं पाणी उडवण्यात घालवतं आणि मधल्या नळीत काजळी धरतं. ही काजळी दर आठवड्याला लांब ब्रशनं झाडा, थर जाड झाला की पाण्याला आच लागत नाही. खालच्या जाळीतली राख रोज काढा, नाहीतर आतून हवा मिळत नाही आणि नुसता धूर होतो. पाणी भरल्याशिवाय कधीही पेटवू नका, कोरड्या बंबाचा डाख (सांधे जोडणारी झाळ) सुटतो. आणि प्लास्टिकच्या पिशव्या त्यात घालू नका. तो धूर घरातल्यांच्याच छातीत जातो.

सोलरचं गणित चौघांना सोपं आहे. टाकीत ५५ अंशांचं पाणी असेल तर २५ लिटर कोमट पाण्याला त्यातलं साधारण १४ लिटर लागतं. चौघांना ६० लिटरच्या आत, म्हणून १०० लिटरचा संच पुरे. विक्रेता २०० चा आग्रह धरेल, पाहुण्यांची वर्दळ नसेल तर नको म्हणा. नळ्यांचं तोंड दक्षिणेला आणि कल २५ ते ३० अंश ठेवा, हिवाळ्यातला खालचा सूर्य त्यानं नीट मिळतो. शेजारच्या टाकीची सावली डिसेंबरात कुठं पडते ते बसवण्याआधी पाहा. मे महिन्यात पाहून बसवलेला संच हिवाळ्यात सावलीत जातो, ही तक्रार नेहमीची आहे.

दुसरी तक्रार : ‘सकाळी आधी गार पाणीच खूप येतं.’ तो दोष पाइपाचा असतो. गच्चीपासून नळापर्यंत २० मीटर अंतर असेल तर पाऊण इंची पाइपात सहा लिटरहून अधिक गार पाणी साठून राहतं, अर्धा इंचीत साडेतीन. एकाच न्हाणीघरासाठी गरम पाणी सोसणारा अर्धा इंची सीपीव्हीसी पाइप घ्या. साधा पीव्हीसी गरम पाण्यानं मऊ पडतो. पाइपावर काळ्या नायट्राइल फोमची नळी चढवा आणि उघड्या भागावर टेप गुंडाळा, नाहीतर उन्हानं फोमचे तुकडे पडतात. पहिलं गार पाणी बादलीत धरा, भांड्यांना होतं. उसाचा हंगाम सुरू झाला की गच्चीवर काळी राख येऊन पडते, तेव्हा नळ्या दर पंधरवड्याला सकाळी, त्या गार असतानाच धुवा. तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं तर नळी तडकते.

बंब जवळ असल्यामुळे तुम्हाला आमचा सल्ला असा : सोलर घ्या, ढगाळ दिवसांसाठी बंब ठेवा आणि सोलरच्या टाकीत विजेची कॉइल बसवू नका. ती रात्रभर चालू राहून गेली की वर्षाची बचत हळूहळू त्यात जाते.

प्रश्न : आई ७८ वर्षांची आहे, मधुमेह आहे, पाय बधिर असतात. तिला इलेक्ट्रिक ब्लँकेट द्यावं का? (कळंबा)

उत्तर : अंथरूण तापवण्यापुरतं द्या, अंगाखाली चालू ठेवून झोपायला देऊ नका. बधिर पायाला चटका कळत नाही आणि मधुमेहात ती जखम भरता भरत नाही. ब्लँकेट झोपण्याआधी अर्धा तास लावा, आई झोपायला गेली की प्लग काढून ठेवा. १०० वॅटचं असेल तर अर्ध्या तासाला ०.०५ युनिट, खर्च नगण्य आहे. त्याची घडी घालू नका, आतली तार मोडते आणि तिथंच जळते. गुंडाळून ठेवा. अंथरूण ओलं होण्याची शक्यता असेल तर वापरूच नका. हाच नियम गरम पाण्याच्या पिशवीला : दुहेरी कापडात गुंडाळायची, पांघरुणात आधी ठेवायची, पाय आत जायच्या आधी काढायची.

वयस्कर माणसांच्या खोलीचं तापमान १८ अंशांखाली जाऊ नये असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आईंच्या खोलीसाठी थर्मोस्टॅटवाल्या हीटरचा खर्च करावा लागला तर तो करा, बचत दुसऱ्या खोलीत शोधा. लोकरी मोजे सैल इलास्टिकचे घ्या, डोक्याला कानटोपी द्या. रंकाळ्यावरचं फिरणं पहाटे पाचऐवजी ऊन आल्यावर, आठनंतर ठेवा.

प्रश्न : दोन-दोन ब्लँकेटं घेऊनही थंडी का वाजते?

उत्तर : ती खालून येते. जुनी कापसाची गादी दबून पातळ झाली की तिच्यात हवा उरत नाही आणि ऊब धरते ती हवाच. पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून घ्या, नाहीतर अंगाखाली एक गोधडी वाढवा. नवारीच्या किंवा पट्ट्यांच्या खाटेवर तर खालून वारा खेळतो, गादीखाली सतरंजी किंवा घोंगडं टाका. पांघरायला सुती गोधडी अंगालगत आणि घोंगडं वर, असा क्रम ठेवा. सगळं अंथरूण दुपारी दोन तास उन्हात टाका आणि चारच्या आत घडी घालून आत आणा. गच्चीवर सहापर्यंत राहिलं तर दव धरतं. घोंगडं धुवायचं तर गार पाण्यात, न पिळता. गरम पाण्यानं लोकर आटते.

प्रश्न : मातीच्या कुंडीखाली पणत्या लावल्या की खोली तापते, असा व्हिडिओ पाहिला. खरं का?

उत्तर : पणत्यांतून जेवढी उष्णता निघते तेवढीच खोलीला मिळते, कुंडी त्यात भर घालत नाही. तीन-चार पणत्यांनी १० बाय १२ ची खोली तापणार नाही, आणि तापलेलं मेण किंवा तेल एकदम भडकू शकतं.

प्रश्न : शाहूपुरीत तळमजल्यावर राहतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरात भिंती भिजल्या होत्या. हिवाळ्यात त्या खोल्या इतरांपेक्षा गार लागतात, पोपडे सुटतात. वॉटरप्रूफ रंग लावू का?

उत्तर : रंग आत्ता लावू नका. ओली वीट कोरडीपेक्षा जास्त उष्णता बाहेर नेते आणि ओल सुकतानाही भिंतीची उष्णता खर्च होते, म्हणून खोली गार लागते. वरून प्लास्टिक रंग, टाइल किंवा पीव्हीसी पॅनेल लावलं की ओल आतच कोंडते आणि वर चढते.

आधी ओल कुठली ते ठरवा. भिंतीवर दीड फूट लांब-रुंद पारदर्शक प्लास्टिक चारही कडांनी टेपनं चिकटवा आणि दोन दिवस ठेवा. थेंब प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला आले तर ओल भिंतीत आहे. खोलीकडच्या बाजूला आले तर ती खोलीतली वाफ आहे आणि तिला उपाय हवेशीरपणाचा, भिंतीचा नाही. कपाट भिंतीपासून तीन-चार इंच पुढं ओढा आणि दुपारी खिडक्या उघडा.

भिंतीतच ओल असेल तर ओलीच्या रेषेपासून दीड-दोन फूट वरपर्यंत गिलावा पाडून वीट उघडी करा. वीट साधारण महिन्याला इंचभर सुकते. ९ इंची भिंत दोन्ही बाजूंनी उघडी असेल तर चार-पाच महिने धरा. पुराचं पाणी ओसरून एवढी वर्षं झाल्यावरही ओल असेल तर ती पुराची नाही. पायातून वर चढणारी किंवा गळक्या नळाची आहे, ते आधी तपासा. पांढरा लोणा आला असेल तर कोरड्या ब्रशनं झाडून गोळा करा. पाण्यानं धुतलात तर तो परत विटेत शिरतो. सुकल्यावर गिलावा सिमेंट, चुना आणि वाळू १:१:६ प्रमाणात करा. निव्वळ सिमेंटचा करू नका, त्यातून ओल बाहेर पडत नाही. रंगही चुन्याचा द्या. काम डिसेंबरात सुरू केलं तर मेअखेर भिंत रंगाला तयार होते, पावसाळ्याच्या तोंडावर सुरू केलं तर ती पुढच्या हिवाळ्यापर्यंत ओलीच राहते.